पुढे वाटीएवढं, मागे ताटाएवढं

अण्णा,

तुमची खाट काल वाडीत नेऊन धुतली. ओटीवर जिथे ती इतकी वर्षं होती, तिथे जमिनीवर तिच्या पायांचे फिके ठसे उरले आहेत. जाता-येता मी अजून त्या ठशांना वळसा घालते. जागा मोकळी झाली आहे, मधून सरळ चालत जावं, हे पायांना सुचतच नाही.

लोक येतात, चहा घेतात, "सुटले बिचारे" म्हणतात. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणतात, "तूपण सुटलीस गो." मी मान हलवते. पहाटे अजून जाग येते, हात तुमची कूस बदलायला पुढे होतो आणि अंधारात तसाच थांबतो. याला सुटणं म्हणतात का, मला माहीत नाही.

तुमच्याशी एक वाद अर्धा राहिला आहे. गिअरचा. सासरा-सुनेत दागिन्यांवरून वाद होतात, जेवणातल्या मिठावरून होतात. आपला झाला तो घाटात सायकलीला किती लहान गिअर हवा यावरून. आपल्या शिरगावात हे कुणाला सांगितलं तर हसतील.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही बोईसरच्या कारखान्यात लेथवर टर्नर होता. सकाळी सायकलने पालघर, तिथून गाडीने बोईसर. तुमच्या सदऱ्याला कुलंट तेलाचा वास यायचा आणि त्याच्या खाली आणखी एक आंबूस वास, कारखान्यांच्या वसाहतीतल्या हवेचा, जो धुऊनही जायचा नाही. तुमचा मुलगा, म्हणजे दिलीप, बोटीवर. लग्नानंतर महिन्याभरात गेला. घरात सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, तुम्ही आणि मी. आईंचा दिवस पानवेलींपासून सुरू व्हायचा आणि माझा आईंपासून. माझं माहेर मोखाड्याला. वडील तिकडे शाळेत शिक्षक होते आणि तिथेच घर बांधून राहिले. ते गेल्यावर तिकडे माझी आई आणि भाऊ. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला गेले तेवढंच. पुढे दर वेळी काहीतरी असायचं. पानं खुडायची आहेत, पाहुणे येणार आहेत, एकट्या बाईने एवढ्या एसट्या कशा बदलायच्या. आई कधी ओरडल्या नाहीत. त्या नुसतं म्हणायच्या, "जा ना, कोण अडवतंय? पण आता नको." त्या "आता नको"ला शेवट नव्हता.

सायकलींचं वेड तुम्हाला कसं लागलं ते तुम्ही मला कितीदा सांगितलंत! बोईसर नाक्यावर एक परदेशी जोडपं मागच्या चाकाचा आस मोडून बसलेलं. दोघांच्या सायकलींवर चारी बाजूंनी पिशव्या, तंबू, भांडी. तुम्ही त्यांना कारखान्याच्या फाटकापाशी नेलंत, आस बनवून दिलात आणि तो बसवताना साखळीच्या चकत्यांचे दाते मोजून घेतलेत. घरी आल्या आल्या हात न धुताच मला म्हणालात, "पोरी, पुढं वाटीएवढं दात्यांचं चाक आन् मागं ताटाएवढं! आपल्या सायकलीत उलटं असतं. म्हणून तर ते एवढं ओझं घेऊन डोंगर चढतात."

मी शाळेत गणितात बरी होते. त्या संध्याकाळी तुम्ही पाटावर दोन भाकऱ्या ठेवून मला समजावलंत, एक मोठी, एक लहान. साध्या सायकलीला पायडल एकदा फिरवलं की चाक अडीचदा फिरतं. सपाटीला ठीक. पण घाटात, पाठीशी ओझं असताना, एका फेऱ्यात अडीच चाकं ओढायची ताकद माणसात नसते. "पायडल एक, चाक एक. तसा गिअर पायजे," तुम्ही म्हणालात. आई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरी खायला केलीय का फिरवायला?"

तुम्ही निवृत्त झालात आणि मला वाटलं आता वाडीत रमाल. तुम्ही ओटीवर बसून रस्त्याकडे पाहत राहायचात. एकदा मी ताक घेऊन आले तर म्हणालात, "आयुष्यभर सायकल मारली पोरी, पण पालघरच्या रेल्वे फाटकापुढं कधी गेलो नाय. सायकल मला नेत नव्हती, भोंगा नेत होता." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "माझं माहेर फाटकाच्या पुढंच आहे, अण्णा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग ताक न पिताच उठलात आणि सायकल उलटी केलीत.

मागच्या चाकाला लावायचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील आणि साखळी सरकवणारा गिअर तुम्ही मुंबईहून आणलात, दोन जोड. तुमच्या काळ्या सायकलीला एक, माझ्या लेडीज सायकलीला एक. पण त्यातली मोठ्यात मोठी चकती ताटाएवढी नव्हती, बशीएवढी होती. पायडल एक, चाक एक, हा हिशेब जमेना. तेव्हा तुम्ही लहान मुलांच्या सायकलीची पुढची चकती आणलीत. बोईसरला तुमच्या जुन्या सोबत्याच्या लेथवर ती बसवताना मी बरोबर होते. तिथला वेल्डर मान वाकडी करून बघत होता. "चाचा, बच्चे की साइकिल बना रहे हो क्या?"

"बच्चे की नहीं, बहू की," तुम्ही म्हणालात.

गिअर बसला आणि मी पालघर रस्त्याला चालवून पाहिला. पाय नुसते भिरभिरत होते, सायकल पुढे सरकेना. मोखाड्याच्या वाटेवरच्या सपाट रस्त्यातच जीव जाणार. मी म्हटलं, "अण्णा, मोठी चकती काढू नका. मोठी राहू दे, तिच्या आत लहान जोडा. सपाटीला मोठी, घाट आला की थांबून हाताने साखळी लहानीवर घालू." तुम्ही विडी पेटवलीत आणि ओढून संपवलीत. मग लेथवर चार छोट्या नळ्या कापल्यात, त्यांतून बोल्ट घालून दोन्ही चकत्या एकमेकींना जोडल्यात, तुमच्या सायकलीलाही तसंच केलंत आणि हात पुसत म्हणालात, "ह्ये मला का सुचलं नाय?" अण्णा, या घरात मला कुणी काही विचारून, माझं ऐकून, तसं केलं, ते पहिल्यांदा. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

पण दोन चकत्या बसवल्या की चेनकव्हर बसत नाही. चेनकव्हर नाही तर साडी अडकणार. म्हणजे पंजाबी ड्रेस. त्यावरून घरात जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. आई दोन दिवस जेवल्या नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, "यंत्राला कापड नाय कळत. अडकलं की ओढतं." मी ड्रेस घातला. शेजारच्या कुंपणावर माणसं उभी राहिली.

मनोरच्या वाटेवरच्या वाघोबाच्या खिंडीत आपण सराव करायचो. पिशव्यांत नारळ भरून. पहिल्या वेळी सगळं ओझं मागे होतं, चढावर पुढचं चाक हवेत उचललं गेलं आणि मी माकडांच्या समोर आडवी झाले. मग तुम्ही पुढच्या चाकालाही दोन छोट्या पिशव्या लावल्यात, खाली, आसाच्या उंचीला. ओझं खाली गेलं की सायकल शहाण्यासारखी वागते. तिथेच आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं होतं, आणखी लहान गिअर हवा. "सकाळच्या पायांवर जाऊ नको पोरी. गिअर दुपारच्या पायांसाठी निवडायचा." माझं म्हणणं होतं की एका हद्दीनंतर सायकल इतकी हळू जाते की तोल सांभाळण्यातच दम जातो. त्यापेक्षा उतरून ढकलावी. तुम्ही चिडायचात. "ढकलायची तर गिअर कशाला? उतरला तो हरला." मी म्हणायचे, "यात हरणं कुठून आलं? पोचायचं आहे ना?"

निघायच्या सकाळी आई बाहेर आल्या नाहीत. आपण पिशव्या बांधत होतो. नारळ, केळी, माझ्या आईसाठी पानं. सायकली कुंपणाच्या दारापाशी नेल्या तेव्हा आई मागून आल्या आणि सुक्या जवळ्याचं एक भलं मोठं पुडकं माझ्या पिशवीत कोंबून, एक शब्द न बोलता आत गेल्या. तुम्ही पिशवी उचलून पाहिलीत. "हिनं वजन वाढवलं," म्हणालात, पण काढून ठेवलं नाहीत.

त्या दोन दिवसांचं सगळं मी तुमच्या खाटेपाशी बसून इतक्या वेळा आठवलं आहे की आता खरं किती आणि घोटलेलं किती, कळत नाही. मनोरला महामार्ग ओलांडताना ट्रकवाल्यांनी मारलेल्या आरोळ्या. विक्रमगडला तुमच्या ओळखीच्या घरी मुक्काम, तिथल्या बाईने माझ्या ड्रेसकडे पाहून न विचारलेले प्रश्न. आणि दुसऱ्या दिवशी जव्हारचा घाट. पायथ्याशी थांबून आपण दोघांनी काडीने साखळ्या लहान चकतीवर घातल्या. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले.

पहिल्या वळणापर्यंत मला वाटलं की मी उडते आहे. पाय फिरतायत, छाती भरून येतेय, आणि ते सगळं ओझं, नारळ, केळी, आईंचा जवळा, माझ्याबरोबर डोंगर चढतंय. मग चढ वाढला. मागून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोन बाया आल्या, आपल्या बरोबरीने चालू लागल्या आणि हसायला लागल्या. एक म्हणाली, "उतर गं बाय, चालत ये. आमच्या आदी पोचशील." मी उतरले आणि ढकलायला लागले. तुम्ही दात-ओठ खाऊन पायडल मारत राहिलात. बाया दोघांकडे बघत पुढे गेल्या. वळणावर आपण एकाच वेळी पोचलो, अण्णा. अगदी एकाच वेळी. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "बघ." मी म्हटलं, "काय बघ? मीही आलेच." वाद तिथेच राहिला. घाट संपला, वर पोचलो, तरी तो राहिलाच.

संध्याकाळी मोखाड्याला माझी आई दारात उभी होती. तिला आधी मी दिसलेच नाही, तिने तुम्हाला पाहिलं आणि घाबरली. सासरा दारात आला म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार. मग तिने मला पाहिलं. तुम्ही सायकल टेकवून म्हणालात, "विहीणबाई, पोरगी आणली. पाणी द्या." रात्री तुम्ही नाचणीची भाकरी आणि आईंचा जवळा खाल्लात आणि माझ्या भावाला गिअर समजावत बसलात. मी माझ्या आईच्या पायाशी झोपले. मला दुसरं काही नको होतं.

परत आल्यावर आई बोलायला लागल्या. तुम्ही पुढच्या थंडीत त्र्यंबकेश्वरपर्यंत जायचं ठरवत होता, मागे आणखी मोठी चकती शोधत होता. पावसाळ्याच्या शेवटाला एका सकाळी तुम्ही विहिरीवरून बादली घेऊन आलात आणि ओटीच्या पायरीवर बसलात. बादली कलंडली. मी म्हटलं, "अण्णा, काय झालं?" तुम्ही बोलायला तोंड उघडलंत आणि अर्धंच उघडलं.

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब. कितीतरी वर्षांचा. तुम्ही कधी दाखवलाच नव्हता. मी विचारलं, "घाट चढल्यामुळे?" ते म्हणाले, "नाही हो, त्याला किती महिने झाले." हे त्यांनी मला सांगितलं. आई बाहेर बाकावर होत्या. मी त्यांना सांगितलं, पण माझ्या तोंडून ते ऐकणं त्यांना शक्य नव्हतं.

तुमची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द राहिला. "नाय." पाणी हवं तरी नाय, नको तरी नाय. दुखतंय का, नाय. दिलीप बोटीवरून आला, गळ्यात पडून रडला, त्यालाही नाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आत सगळं कळतं, बाहेर येताना एकच दार उघडं असतं.

घरी कुणी आलं की आई तुमच्या उशाशी बसून म्हणायच्या, "हिनं नेलं त्यांना घाटात. माहेरी जायचं व्हतं ना. म्हाताऱ्याला घाट चढायला लावला." तुम्ही डोळे मोठे करून, डावा हात खाटेवर आपटून ओरडायचात, "नाय! नाय! नाय!" आणि आई शांतपणे पाहुण्यांना सांगायच्या, "ते सगळ्यालाच नाय म्हणतात."

मी तिथेच उभी असायचे, हातात चहाची ताटली. तुम्ही माझ्याकडे बघायचात. जगात माझी बाजू सांगणारा एकच माणूस होता आणि त्याला एकच शब्द येत होता, आणि तो शब्द बरोबर होता, अण्णा, अगदी बरोबर होता, आणि तरी कुणी धरत नव्हतं.

तेव्हापासूनची वर्षं वेगवेगळी आठवत नाहीत. पाठ पुसणं, पावडर, भांडं, भाताची पेज, कूस बदलणं. मंजू झाली, तुमच्या खाटेला धरून उभी राहायला शिकली, तिला तुमच्या "नाय"ची भीती कधी वाटली नाही. ती "नाय" म्हणायची, तुम्ही "नाय" म्हणायचात, आणि दोघं हसायचात. माझी आई गेली तेव्हा मी एसटीने गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले, कारण तुम्हाला उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. तुमची औषधं आणायला मी गिअरच्याच सायकलीवर पालघरला जायचे. सपाट रस्ता, मोठी चकती. लहान चकतीला गंज चढला.

आणि हेही सांगते, आता तुम्ही ऐकत नाही म्हणून. मला तुमचा राग यायचा. तुम्ही मला एकदा वर नेलंत आणि मग स्वतः इथे पडून मला या ओटीशी बांधून टाकलंत. तुमची काही चूक नव्हती. तरी यायचा. एकदा मी तुमची कूस बदलताना तुम्हाला जरा जोरात ढकललं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "नाय." तेव्हा त्याचा अर्थ काय होता, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलंच होतं. थोड्या वेळाने तुमचा डावा हात चाचपडत मागे आला आणि माझ्या मनगटावर राहिला. तुम्हीही बांधलेले होता. माझ्यापेक्षा जास्त.

कधी दुपारी घरात कुणी नसलं की मी खाटेपाशी बसून तुम्हाला छळायचे. "अण्णा, शेवटचं सांगा. उतरून ढकललेलं चालतं ना?" तुम्ही ताठ मानेने म्हणायचात, "नाय." मग मी विचारायचे, "म्हणजे चढत राहायचं?" "नाय." आणि तुमचा अर्धा चेहरा हसायचा. त्या हसण्यावर मी आठवडे काढले आहेत.

आज दुपारी पाहुणे गेले. मंजू शाळेत. मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. आई पानं पुसत बसल्या होत्या, एकावर एक रचत. मान वर न करता म्हणाल्या, "सुनंदा, ते नाय म्हणायचे ना, घाटाचं निघालं की."

"हो."

"ते खरंच नाय व्हतं. तू नेलं नाय त्यांना. त्यांनीच नेलं तुला. मला ठाव व्हतं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत मी हे वाक्य आईंच्या तोंडी किती वेळा घालून पाहिलं होतं! दर वेळी मी मनात रडले होते, भांडले होते, घर सोडून गेले होते. आता नुसती राखेच्या हातांनी बसून राहिले.

"मग म्हणत का होतात?"

"ते पडलेले," आई म्हणाल्या. "त्यांच्यावर कशी रागावू? मला कधी फाटकाच्या पुढं नेलं नाय त्यांनी. तुला नेलं. घरात दुसरं व्हतं कोण रागवायला?"

माफ करावं असं काही मनात आलं नाही, अण्णा, खोटं कशाला सांगू? फक्त पहिल्यांदाच दिसलं की या घरात तुमच्या-माझ्याशिवायही कुणी बांधलेलं होतं.

पानांची चवड बाजूला सारून आईंनी विचारलं, "एवढा घाट चढलात. वर जाऊन केलंत काय?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ना दिलीपने, ना माझ्या आईने.

"अण्णा झोपले," मी म्हटलं.

"झोपले?"

"चपला काढल्या, पिशवी उशाला घेतली आणि झोपले. तोंड उघडं. मी बाजूला बसून माश्या वारत होते."

आई पुढे सरकल्या. "घोरत व्हते?"

"खूप. बकऱ्या राखणारा माणूस थांबून बघत होता."

त्यांना हसू फुटलं. पदर तोंडावर धरला, खांदे हलत राहिले, आणि मग ते हसणं दुसरंच काही झालं. मी हात धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"ऊन लागलं नाय ना त्यांना? सावली व्हती का तिथं?"

होती, अण्णा. सांगितलं मी त्यांना. मोठी होती.